पोस्टबॅक प्रीमेड निवडताना: आधी ट्रान्सक्रिप्ट, मग प्रोग्राम

अमेरिकेत मेडिकल स्कूल सहसा पदवीनंतर सुरू होतं आणि ती पदवी कशातलीही चालते. इतिहासात बीए केलेला माणूसही अर्ज करू शकतो. अट असते ती ठरावीक विज्ञान विषयांची. हे विषय पदवीच्या वर्षांत केलेच नाहीत, किंवा केले पण ग्रेड घसरल्या, तर पदवीनंतर एक-दोन वर्षं देऊन ते करतात. याला पोस्टबॅकॅलॉरिएट प्रीमेड म्हणतात. बोलताना सगळे नुसतं पोस्टबॅक म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मराठी घरांत हा विषय बहुधा तीन वाटांनी येतो. तिकडेच वाढलेली मुलगी कम्प्युटर सायन्स करून दोन वर्षं नोकरी करते आणि मग म्हणते, मला डॉक्टर व्हायचंय. मुलगा पहिल्यापासून प्रीमेड असतो, पण चार वर्षांनी हातात २.८ जीपीए (ए म्हणजे ४ धरून काढलेली ग्रेडची सरासरी) येतो. किंवा पुण्या-नागपूरहून बीई, बीफार्म करून लग्नानंतर एच-४ (तिथे नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा) व्हिसावर गेलेली कुणी नव्याने सुरुवात करू पाहते. तिघांचा प्रश्न वरवर एकच. पण एकाला अगदी फिट बसणारा प्रोग्राम दुसऱ्याचा अर्ज उघडूनही पाहणार नाही.

भारतात एमबीबीएस झालेल्यांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचा रस्ता यूएसएमएलई परीक्षा आणि मग रेसिडेन्सी असा आहे. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना मात्र तो रस्ता बंद आहे. त्यांना अमेरिकेत एमडी (तिथली पहिलीच डॉक्टरी पदवी) व्हायचं असेल तर पुढे दिलंय तसं पायापासूनच यावं लागतं.

पायरी १: ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवा

कोणत्या कॉलेजचं नाव मोठं, हे नंतर पाहू. आधी स्वतःची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची पूर्ण गुणपत्रिका, काढा आणि शेजारी ही यादी लिहा: जनरल केमिस्ट्री दोन सेमिस्टर, ऑरगॅनिक केमिस्ट्री (बोलताना ऑर्गो) दोन, बायोलॉजी दोन, फिजिक्स दोन, सगळे लॅबसह. शिवाय बायोकेमिस्ट्री एक सेमिस्टर, स्टॅटिस्टिक्स एक आणि एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेसाठी सायकॉलॉजी व सोशिऑलॉजी. इंग्रजीचे एक-दोन कोर्स अनेक शाळा मागतात, पण अमेरिकन पदवीत ते बहुधा होऊन गेलेले असतात. लॅबचे आठ कोर्स प्रत्येकी ४ क्रेडिट धरले तर ३२ आणि बाकीचे चार मिळून साधारण १२, म्हणजे एकूण ४४ क्रेडिट.

आता खुणा करा. यादीतलं जवळजवळ काहीच झालेलं नसेल तर तुम्ही ‘करिअर चेंजर’. बरंचसं झालंय पण सी आणि बी-मायनस दिसतात, तर तुम्ही ‘रेकॉर्ड एन्हान्सर’. बहुतेक प्रोग्राम या दोहोंपैकी एकाच गटासाठी असतात. फिलाडेल्फियाजवळचं ब्रिन मॉर, बाल्टिमोरजवळचं गाउचर, कॅलिफोर्नियातलं स्क्रिप्स आणि जॉन्स हॉपकिन्स यांचे नावाजलेले प्रोग्राम करिअर चेंजरसाठी आहेत. (ब्रिन मॉर आणि स्क्रिप्स ही मुलींची कॉलेजं, पण त्यांच्या पोस्टबॅकला मुलगेही असतात.) ‘दोन विषय कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक कॉलेजात) उरकून घेतो, म्हणजे अर्ज वजनदार होईल,’ असं वाटणं साहजिक आहे. या ठिकाणी ते उलटतं. बराचसा पाया आधीच झालेला असेल तर ते तुम्हाला आपल्या गटातलाच धरत नाहीत. त्यामुळे अशा प्रोग्रामचा विचार असेल तर आधी त्यांचे नियम वाचा, मगच एखादा सुटा कोर्स घ्या.

रेकॉर्ड एन्हान्सरने कागद-पेन्सिल घेऊन आणखी एक हिशेब करायचा असतो. मेडिकल स्कूलचे बहुतेक एमडी अर्ज ॲमकॅस या एकाच खिडकीतून जातात. ॲमकॅस अमेरिकन आणि कॅनेडियन कॉलेजांतला प्रत्येक कोर्स मोजतं. विषय पुन्हा केला म्हणून जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरल्या जातात. डीओ (एमडीच्या बरोबरीची ऑस्टिओपॅथिक पदवी) शाळांचं अशाच कामाचं ॲकोमास पूर्वी नवी ग्रेड जुन्याच्या जागी धरत असे, पण ती सवलत २०१७ साली बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबलेले अजून इथे फसतात.

समजा पदवीचे १२० क्रेडिट २.८ ने झाले. गुण झाले ३३६. पोस्टबॅकमध्ये ३२ क्रेडिट केले आणि सगळीकडे ए मिळवला, तर १२८ गुण वाढले. एकूण ४६४ भागिले १५२, म्हणजे ३.०५. एकही बी न घेता वर्षभर राबून पाव गुण. क्रेडिट ६० केले तरी आकडा ३.२० च्या वर जात नाही. २०२३ साली एमडी शाळांत प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ आणि एमकॅट ५११.७ होता, हे शेजारी ठेवून पाहा.

मग करायचं कशाला? कारण ॲमकॅस एकच आकडा पाठवत नाही. पदवीचं एकेक वर्ष आणि पदवीनंतरचं काम यांच्या ओळी वेगळ्या येतात. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीएही वेगळा दाखवला जातो. त्या विषयांचे जुने ४० क्रेडिट २.५ ने असतील, तर नवीन ३२ ए मिळून तो ३.१७ होतो, आणि ‘पोस्टबॅक’ या ओळीत स्वच्छ ४.० दिसतो. निवड समिती ही चढती कमान वाचते. पण ती कमान खरोखर चढती लागते. जुन्या सीच्या पुढे नवीन बी आला, तर समितीला फक्त आधीच्या शंकेची खात्री पटते.

टेक्ससच्या रहिवाशांना एक वेगळी सोय आहे. ‘ॲकॅडमिक फ्रेश स्टार्ट’ नावाच्या नियमाखाली दहा वर्षांहून जुने कोर्स तिथली सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी मोजत नाहीत. मात्र ते सगळेच्या सगळे सोडावे लागतात, चांगल्या ग्रेडसकट. चाळिशीतल्या माणसासाठी, विशेषतः जुनं रेकॉर्ड फारच वाईट असेल तर, हा नियम सोन्यासारखा आहे.

पायरी २: केमिस्ट्रीची साखळी मोजा

वेळापत्रक कुठे अडतं ते एकाच ठिकाणी. जनरल केमिस्ट्री १ झाल्याशिवाय २ नाही, २ झाल्याशिवाय ऑर्गो १ नाही, मग ऑर्गो २, आणि बहुतेक कॉलेजांत त्यानंतर बायोकेमिस्ट्री. पाच कड्या, एकामागून एक. बायोलॉजी आणि फिजिक्स यांच्या बाजूने कसेही बसवता येतात, ही साखळी मात्र दाबून लहान करता येत नाही. एकच सूट आहे: उन्हाळा.

एका वर्षाचे प्रोग्राम हीच युक्ती वापरतात. मे-जूनमध्ये सुरुवात होते आणि उन्हाळ्याच्या आठ-दहा आठवड्यांत जनरल केमिस्ट्रीची दोन्ही सेमिस्टर संपवतात. सप्टेंबरपासून ऑर्गो, बायोलॉजी आणि फिजिक्स एकत्र. वसंतात त्यांचाच दुसरा भाग, मे-जूनमध्ये एमकॅट, आणि त्याच जूनमध्ये अर्ज. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात उन्हाळ्यातल्या केमिस्ट्रीत एक दिवस चुकला की नेहमीच्या सेमिस्टरचा जवळजवळ आठवडा चुकतो. दर आठवड्याला परीक्षा असते आणि लॅब चार-चार तास चालते. बारा वर्षांत लॉगरिदमला हात न लावलेल्या माणसाने त्याआधी दोन-तीन महिने गणित घासून यावं: लॉग, घातांक, एककांची रूपांतरं. तिथे केमिस्ट्रीपेक्षा गणितच जास्त जणांना बुडवतं.

सप्टेंबरात सुरुवात करून दर सेमिस्टरला एकच कडी जोडत गेलात तर ऑर्गो २ संपायला दोन शैक्षणिक वर्षं लागतात आणि बायोकेमिस्ट्री तिसऱ्यात जाते. एमकॅटच्या दोन विज्ञान विभागांत प्रत्येकी सुमारे पाव भाग बायोकेमिस्ट्रीचा असतो. म्हणून ती टाळून परीक्षेला बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ऑर्गो १ नंतर, ऑर्गो २ च्या बरोबरीने बायोकेमिस्ट्री घेऊ देणारी कॉलेजं आहेत का, हे शोधून ठेवा. पूर्ण एक सेमिस्टर वाचतं.

पायरी ३: कोणत्या साच्यातला प्रोग्राम

साचे ढोबळमानाने तीन.

पहिला, रीतसर प्रोग्राम. गट ठरलेला, सल्लागार ठरलेला, वर्गातली जागा राखीव आणि शेवटी कमिटी लेटर, म्हणजे कॉलेजच्या प्रीमेड समितीचं एकत्रित शिफारसपत्र. कोलंबियाच्या स्कूल ऑफ जनरल स्टडीजमधला प्रोग्राम यातला सगळ्यात जुना, १९५५ सालचा, आणि सगळ्यात मोठाही. ब्रिन मॉरचा १९७२ चा. कोलंबियात माणूस आपल्या गतीने जातो. ब्रिन मॉर-गाउचरमध्ये छोटा गट वर्षभर एकत्र धावतो. स्वतःहून वेळापत्रक पाळणाऱ्याला पहिलं बरं, पाठीशी कुणी लागतं त्याला दुसरं.

दुसरा, स्वतः जुळवलेला. राज्य विद्यापीठात किंवा एखाद्या एक्स्टेन्शन स्कूलमध्ये नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून नाव घालायचं आणि एकेक कोर्स उचलायचा. स्वस्त, नोकरी सांभाळून होणारा आणि रेकॉर्ड एन्हान्सरला पुष्कळदा तितकाच उपयोगी. पण इथेच पाणी मुरतं: नॉन-डिग्री विद्यार्थ्यांची नोंदणी सगळ्यांत शेवटी उघडते. ऑर्गोच्या लॅबला जागा मोजक्या असतात. लेक्चर मिळालं आणि लॅब भरली, ही नेहमीची गोष्ट आहे. कॉलेज ऑर्गो १ फक्त सप्टेंबरातच शिकवत असेल, तर एका हुकलेल्या जागेत अख्खं वर्ष गेलं. नाव घालण्याआधी विचारा: माझी नोंदणी कोणत्या तारखेला उघडते, आणि गेल्या दोन सप्टेंबरांत त्या दिवशी ऑर्गो लॅबच्या किती जागा उरल्या होत्या? रजिस्ट्रारच्या ऑफिसात हे सांगतात. सेकंड बॅचलर, म्हणजे दुसऱ्या पदवीचा विद्यार्थी, म्हणून प्रवेश घेतला तर नोंदणी लवकर मिळते का, हेही विचारा.

कम्युनिटी कॉलेजबद्दल उलटसुलट सल्ले मिळतील. काही मेडिकल स्कूलना चालतं, काही नाक मुरडतात. जुनं रेकॉर्ड उत्तम असणाऱ्याला एखादा कोर्स तिथे केल्याने फरक पडत नाही. रेकॉर्ड सुधारायला निघालेल्याने मात्र ऑर्गो, बायोकेमिस्ट्री चार वर्षांच्या कॉलेजातच करावी. एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचं एमएसएआर नावाचं सशुल्क संकेतस्थळ आहे. त्यावर एकेका एमडी शाळेचे नियम मिळतात: कम्युनिटी कॉलेज चालतं का, ऑनलाइन लॅब चालते का, किती वर्षांपूर्वीचे कोर्स धरतात. वर्षाची फी एखाद्या पाठ्यपुस्तकाहून कमी आहे. यात काटकसर करू नका.

तिसरा साचा, स्पेशल मास्टर्स प्रोग्राम. जॉर्जटाउनचा यातला आद्य. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय, बरेचदा त्याच विद्यार्थ्यांच्या वर्गात. सगळे आवश्यक विषय झालेत, एमकॅट चांगला आहे, फक्त जीपीए ३.० ते ३.४ मध्ये अडकलाय, अशांसाठी हे आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. या ग्रेड पदव्युत्तर म्हणून वेगळ्या मोजल्या जातात, पदवीचा जीपीए त्यांनी एका शतांशानेही हलत नाही. आणि इथे घसरलात तर मेडिकलचा अभ्यास झेपत नाही याचा लेखी पुरावा तुम्हीच दिलेला असतो. त्यानंतर सावरायला फारसं काही उरत नाही. म्हणून हा शेवटचा डाव. आधी साध्या पोस्टबॅकमध्ये एक वर्ष सलग ए काढून दाखवा.

पायरी ४: व्हिसा, आणि भारतीय पदवीचं काय

अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर ही पायरी ओलांडून पुढे जा.

एच-४ वर शिकता येतं, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरही नोकरी सांभाळून कोर्स घेता येतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची अडचण मोठी आहे. त्यासाठी कॉलेजने आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा अधिकृत फॉर्म) द्यावा लागतो आणि सेमिस्टरला सहसा किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. अनेक पोस्टबॅक प्रोग्राम आय-२० देतच नाहीत आणि सुटे कोर्स घेणाऱ्या नॉन-डिग्री विद्यार्थ्याला तो मिळणं आणखी अवघड. एच-४ वर वाढलेलं मूल २१ व्या वर्षी त्या दर्जातून बाहेर पडतं. म्हणजे पोस्टबॅकच्या ऐन काळात हा पेच समोर येतो. प्रोग्रामच्या प्रवेश विभागाला नव्हे, कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

भारतीय पदवीचे मार्क ॲमकॅसच्या जीपीएत येत नाहीत. म्हणजे बीईला ५८ टक्के होते याची लाज बाळगायचं कारण नाही आणि डिस्टिंक्शन होतं याचा फायदाही नाही. पण अनेक मेडिकल स्कूल ठरावीक क्रेडिट अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले मागतात, काही ठिकाणी तब्बल ९०. अशा वेळी ४४ क्रेडिटचा पोस्टबॅक करून माणूस अर्ध्या वाटेत अडकतो. तिथे दुसरी बॅचलर पदवी हाच सरळ मार्ग. तिच्यासाठी आय-२० मिळतो, क्रेडिट भरतात आणि विज्ञानाचे सगळे विषय त्यातच होतात.

आणखी एक कटू गोष्ट आधीच कळलेली बरी. पुष्कळ एमडी शाळा एफ-१ किंवा एच-४ वरच्या अर्जदारांना घेत नाहीत, विशेषतः राज्य सरकारच्या. घेतात त्यांपैकी काही एक ते चार वर्षांची फी आधीच एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात, ठेवायला सांगतात. एमएसएआरवर प्रत्येक शाळेच्या पानावर हे दिलेलं असतं. पोस्टबॅकचा पहिला हप्ता भरण्याआधी एका संध्याकाळी बसून आपल्याला अर्ज करता येईल अशा शाळांची यादी करा. यादी दहाच्या आत संपली, तर ग्रीन कार्डची वाट पाहत विषय सावकाश करण्यात शहाणपण आहे. पण अगदी सावकाशही नको, कारण पाच-सात वर्षांहून जुने कोर्स काही शाळा मानत नाहीत.

पायरी ५: पैसे

४४ क्रेडिट, क्रेडिटला २५० डॉलर असतील तर ११,००० डॉलर. १,५०० असतील तर ६६,०००. खासगी कॉलेज आणि आपल्या राज्याचं सरकारी विद्यापीठ यांत फरक असाच असतो. यात राहणं, आरोग्य विमा, एमकॅटचे साडेतीनशेच्या आसपास डॉलर आणि वीस-पंचवीस शाळांच्या अर्जांचे काही हजार धरलेले नाहीत.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना पदव्युत्तर प्रवेशाच्या पूर्वतयारीसाठी फेडरल कर्ज मिळू शकतं, पण सलग १२ महिन्यांपुरतंच आणि किमान अर्धवेळ शिकत असाल तर. दोन वर्षांचा प्रोग्राम घेणाऱ्याचं दुसरं वर्ष उघडं पडतं. ते खासगी कर्जावर ढकलू नका. नोकरी सांभाळून स्वतः जुळवलेला मार्ग त्यापेक्षा शंभर पटींनी बरा.

२०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं फेडरल कर्ज बंद झालं. मेडिकल स्कूलसाठी फेडरल कर्जाची मर्यादा आता वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. साध्या मास्टर्सला वर्षाला २०,५००. स्पेशल मास्टर्सची फी पुष्कळ ठिकाणी याहून बरीच जास्त असते आणि पूर्वी ती तूट ग्रॅड प्लस भरून काढत असे. जुने सल्ले वाचताना ही तारीख डोळ्यासमोर असू द्या.

पायरी ६: लिंकेज आणि ग्लाइड इयर

पोस्टबॅक मे महिन्यात संपला तरी मेडिकल स्कूल त्या ऑगस्टात सुरू होत नाही. जूनमध्ये अर्ज, उन्हाळ्यात दुसऱ्या फेरीचे निबंध, सप्टेंबरपासून मुलाखती आणि प्रवेश पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात. मधलं हे वर्ष म्हणजे ग्लाइड इयर. काही रीतसर प्रोग्रामचा ठरावीक मेडिकल स्कूलशी करार असतो. ठरलेले जीपीए-एमकॅट मिळाले तर मधलं वर्ष गाळून थेट प्रवेश. हेच लिंकेज.

ऐकायला दुधात साखर. पण लिंकेजचा अर्ज बहुधा एकाच शाळेला करता येतो आणि निवड झाली तर तिथेच जायचं असं बंधन असतं. स्कॉलरशिपची घासाघीस करायला दुसरी ऑफर हातात नसते. शिवाय पहिल्या काही महिन्यांतल्या ग्रेडवरच निर्णय होतो. प्रोग्राम निवडताना लिंकेजच्या शाळांची यादी बघा जरूर, पण तिच्यावर भुलून प्रोग्राम घेऊ नका. ग्लाइड इयर वाया जात नाही. स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा), ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा प्रशिक्षित साहाय्यक), संशोधन साहाय्यक यांसारखी कामं त्या वर्षात होतात. एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर मात्र फक्त खरीखुरी विनावेतन सेवा, तीही हॉस्पिटलच्या नेहमीच्या स्वयंसेवक योजनेतून.

पायरी ७: ब्रोशरमधला टक्का उलगडून घ्या

‘आमच्या ९० टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो,’ असं वाचलं की पहिला प्रश्न: कितींपैकी? वर्गात ४० आले, १० मध्येच गळाले, ५ जणांना समितीने शिफारसपत्र नाकारलं, २५ जणांनी अर्ज केला आणि २३ लागले, तर ब्रोशरवर ९२ टक्के छापता येतात. तुम्ही मात्र त्या ४० जणांतले एक आहात, आणि ४० पैकी २३ म्हणजे ५८ टक्के. म्हणून फोनवर सरळ विचारा: सुरुवातीला किती होते, कमिटी लेटरसाठी किमान जीपीए आणि एमकॅट किती, आकड्यात डीओ आणि कॅरिबियनमधल्या शाळा धरल्यात का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लागलेले त्यात आहेत का. चांगला प्रोग्राम ही उत्तरं पाच मिनिटांत देतो. सल्लागार गोलगोल बोलू लागला तर समजून घ्या.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. ऑर्गोचा वर्ग किती जणांचा? मेडिकल स्कूल सहसा विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात, आणि २०० जणांच्या हॉलमध्ये प्राध्यापकाला तुमचा चेहरा माहीत होणार नाही, दर आठवड्याला ऑफिस अवर्सना (प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळी) गेलात तरच होईल. आणि कोर्स मध्येच सोडण्याची, म्हणजे डब्ल्यू घेण्याची शेवटची तारीख कोणती? डब्ल्यू जीपीएत धरला जात नाही, डी कायमचा धरला जातो. ती तारीख सेमिस्टरच्या पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा. पहिल्या दोन परीक्षांत सरासरी सीच्या खाली असेल, तर तारखेच्या आठवडाभर आधी प्राध्यापकाला भेटून सरळ विचारा की बी-प्लस अजून गाठता येईल का. नाही म्हणाले, तर त्याच दिवशी फॉर्म भरा, पुढच्या ऑर्गो १ ची तारीख बघा आणि सल्लागाराला कळवून अर्जाचं वर्ष एकाने पुढे ढकला.